निडल गन, मोल्टके आणि २७ जून १८६६ : एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

नमस्कार सर,

प्रशियाच्या (तेव्हाचं एक मोठं जर्मन राज्य) निडल गनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार. इतक्या मुद्द्यांना दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना, म्हणून निवांत बसून लिहितोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरांचं म्हणणं असं, की ड्रायझे या कारागिराने बनवलेल्या या बंदुकीला 'पहिली लष्करी बोल्ट ॲक्शन' (दांडा मागे-पुढे सरकवून भरायची बंदूक) म्हणणं ही अतिशयोक्ती आहे, तिला ना लग (बोल्ट अडकवून धरणारे खुंट) ना मॅगझिन (जादा गोळ्यांची पेटी) ना पितळी काडतूस. दुसरं, १८६६ चं ऑस्ट्रियाविरुद्धचं युद्ध मोल्टके (प्रशियाचा सेनाप्रमुख), रेल्वे आणि तारयंत्राने जिंकलं, बंदुकीचं नाव हरलेल्यांनी सबब म्हणून पुढे केलं. तिसरं, बंदूक सदोष होती, तोंडावर गॅस यायचा, सुया मोडायच्या आणि १८७० साली प्रशियाशी लढताना तिच्याहून कितीतरी सरस शासपो रायफल हातात असूनही फ्रेंच हरलेच, म्हणजे बंदुकीने काही ठरत नाही. चौथं, कल्पना मुळात पॅरिसमधल्या पॉली या बंदूककाराची, ड्रायझेने उचलली. आणि शेवटी, माणसं मारायच्या यंत्राचं एवढं कौतुक कशाला.

पहिला मुद्दा आधी घेतो कारण तुम्ही स्वतः एनसीसीत थ्री-नॉट-थ्री चालवल्याचं लिहिलंय, त्यामुळे तुम्हाला समजावणं सोपं जाईल. तुम्ही बोल्टची मूठ वर उचलायचात, मागे ओढायचात, पुढे ढकलून खाली पाडायचात. ड्रायझेच्या बंदुकीत तेच होतं. नळीच्या मागे एक उघडी खोबण, तिच्यात सरकणारा पोकळ दांडा, त्याला मूठ, मूठ डावीकडे फिरवली की दांडा सुटतो, मागे ओढायचा, काडतूस ठेवायचं, दांडा पुढे सारून मूठ उजवीकडे पाडायची, मुठीचं बूड चौकटीच्या कडेला घट्ट अडतं आणि ब्रीच (नळीचं मागचं तोंड) बंद. पुढे लग नाहीत हे खरंय. पण सर, तुमच्या थ्री-नॉट-थ्रीचे, म्हणजे ली-एनफिल्डचे लगही बोल्टच्या मागच्या बाजूलाच असतात, मग तिलाही यादीतून काढायची का? मॅगझिनचं म्हणाल तर शासपो एकच गोळी घ्यायची, १८७१ ची पहिली माउझर एकच घ्यायची, फ्रेंचांची ग्रा सुद्धा एकच, आणि या तिन्हींना बोल्ट ॲक्शन म्हणायला कोणी कचरत नाही. फरक होता तो स्प्रिंग ताणण्यात. थ्री-नॉट-थ्रीत बोल्ट पुढे ढकलला की ते काम आपोआप होतं, ड्रायझेत ते वेगळं करावं लागायचं, म्हणजे उघडण्याआधी आतली नळी अंगठ्याने मागे घ्यायची आणि बंद केल्यावर पुन्हा पुढे दाबायची, खट्ट आवाज होईपर्यंत. एक पायरी जास्त, पण तत्त्व तेच.

काडतूस मात्र खरंच विचित्र होतं आणि लेखात मी त्यावर दोनच वाक्यं लिहिली, तेव्हा इथे जरा जास्त लिहितो कारण बंदुकीचे सगळे गुण आणि सगळे दोष त्याच कागदी पुडीत आहेत. पुडीच्या तळाशी काळी दारू, सुमारे ४.८ ग्रॅम. दारूच्या पुढे दाबलेल्या कागदाची एक जाड वाटी, तिच्या पुढच्या खोलगट भागात ओकच्या फळाच्या आकाराची शिशाची गोळी आणि वाटीच्या पाठीला, दारूच्या बाजूला, पेट घेणारा मसाला. म्हणजे मसाला दारूच्या मागे नाही, पुढे. त्यामुळे ट्रिगर दाबला की लांब बारीक सुई कागद फोडून, सगळी दारू पार करून मसाल्यावर आदळायची, त्यावरून नावच 'सुईची बंदूक'. हे एवढं उलटसुलट कशाला? तर कागदी पुडीच्या मागच्या बाजूला मसाला ठेवला तर त्याला टेकायला कडक असं काहीच नाही, सुईचा फटका पुडी नुसती दाबून जाईल. वाटी कडक होती, नळीत घट्ट बसायची, तिच्यावर फटका नीट बसायचा. शिवाय नळी १५.४ मिलिमीटरची आणि गोळी १३.६ ची, म्हणजे गोळी नळीच्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) शिवायचीच नाही, आटे धरायची ती कागदी वाटी, तीच गोळीला फिरकी द्यायची. पितळी काडतूस नसलेल्या काळात एका कुलूपकाराच्या पोराने काढलेला हा तोडगा आहे आणि मला तो आजही फार हुशारीचा वाटतो.

आता दुसरा मुद्दा, मोल्टके आणि रेल्वेचा, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मोल्टकेचं मोठेपण मी नाकारत नाही, लेखातही नाकारलेलं नव्हतं. प्रशियाने पाच रेल्वेमार्गांनी सैन्य सरहद्दीवर आणलं आणि ऑस्ट्रियाच्या हातात उत्तरेकडे एकच मार्ग होता, हे अगदी खरं. पण रेल्वे माणसाला सरहद्दीपर्यंत नेते, तिथून पुढे डोंगरातल्या खिंडी चालतच ओलांडायच्या होत्या, आणि खिंडीच्या पलीकडच्या तोंडाशी समोरासमोर गाठ पडली की काय झालं ते बघू. त्यासाठी एकच दिवस घेऊ, २७ जून १८६६. त्या दिवशी तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन लढाया झाल्या आणि तिन्ही वेळी मोल्टके बर्लिनमध्ये होता, तो राजाबरोबर तिथून निघाला ३० जूनला.

पहिली नाखोदची. प्रशियाचा स्टाइनमेट्झ खिंडीतून बाहेर पडत होता, ऑस्ट्रियाचा रामिंग त्याच्यावर चालून गेला, प्रशिया जिंकली. प्रशियाचं नुकसान सुमारे ११०० माणसांचं, ऑस्ट्रियाचं साडेपाच हजारांच्या वर. आता कोणी म्हणेल जिंकणाऱ्याचं नुकसान कमीच असणार, त्यात काय. म्हणून दुसरी बघा, ट्राउटेनाऊची. इथे ऑस्ट्रिया जिंकली, गाब्लेन्झने बोनिनच्या प्रशियन कोअरला (अनेक डिव्हिजनांच्या मोठ्या सैन्यदलाला) आल्या वाटेने माघारी पाठवलं, आणि तरी जिंकणाऱ्या गाब्लेन्झची सुमारे ४८०० माणसं गेली आणि हरणाऱ्या प्रशियाची सुमारे १३००. जिंकलेल्याचं नुकसान हरलेल्याच्या साडेतीन पट! तिसरी लांगेनझाल्झाची, तीनचारशे किलोमीटर लांब, वेगळ्याच आघाडीवर, तिथे हॅनोव्हरच्या सैन्याने जवळपास दुपटीच्या बळावर प्रशियनांना हरवलं, आणि तिथेही मेलेले-जखमी मोजले तर जिंकलेल्या हॅनोव्हरचे सुमारे १४०० आणि प्रशियाचे आठशेच्या आसपास, कैदी वेगळे, तेही प्रशियाचे नऊशेच्या आसपास.

एका दिवसात तीन जागा, तीन वेगळे सेनापती, एक विजय आणि दोन पराभव, आणि तिन्हीकडे प्रशियन पायदळासमोर गेलेल्यांची माणसं जास्त पडली. यात रेल्वेचा भाग किती, तारयंत्राचा किती? बोनिन तर गोंधळलाच होता, त्याचं सेनापतीपद कोणी वाखाणत नाही. शिपायाच्या हातातली वस्तू सोडली तर तिन्हीकडे समान असं फारसं काही उरत नाही, आणि त्या शिपायाला ती वापरायला शिकवणारी पद्धत. या दोन्ही गोष्टी मी एकत्रच धरतो, वेगळ्या करता येत नाहीत.

आणि 'मिनिटाला किती गोळ्या' हा आकडा घेऊन सगळेच बसतात, तुम्हीही तोच धरलात, पण माझ्या मते खरी गोष्ट दुसरीच आहे. ऑस्ट्रियाची लोरेन्झ ही ठासणीची रायफल, चांगली रायफल, लांबवर मारायला निडल गनपेक्षा सरसच. पण ठासणीची म्हणजे उभं राहायचं, नळीचं तोंड वर, दारू ओतायची, गोळी टाकायची, गज घालून ठासायचं, गज परत जागेवर, मागे दारू पेटवणारी टोपी बसवायची, मग नेम. हे झोपून करून बघा. जवळपास अशक्य. म्हणजे मिनिटाला दोन, फार तर तीन गोळ्यांसाठी माणसाला पूर्ण उंचीने उभं राहावं लागत होतं, आणि समोरचा प्रशियन शिपाई बांधाच्या आड पोटावर पडून, डोकं आणि खांदा एवढंच वर ठेवून पाच-सहा गोळ्या आरामात झाडत होता. तो दिसतच नव्हता, मारायचा कुठे? वेगाइतकाच, मी तर म्हणेन वेगापेक्षाही जास्त, हा फरक महत्त्वाचा होता.

याचं छोटं पण अंगावर काटा आणणारं उदाहरण म्हणजे लुंडबी, डेन्मार्कमधलं उत्तर जटलंड, ३ जुलै १८६४ (बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला ऑस्ट्रियाविरुद्धची निर्णायक लढाई, कोनिगग्रेट्झ, झाली). १२४ प्रशियन एका बांधामागे, त्यांच्यावर दीडशेच्या वर डॅनिश शिपाई दाट रांगेत संगिनी रोखून धावत आले. प्रशियनांनी दोनेकशे मीटरपर्यंत येऊ दिलं आणि मग फैरी झाडल्या. डेन्मार्कची ३२ माणसं मेली, चाळीसच्या वर जखमी. प्रशियाचे जखमी ३, मेलं कोणी नाही. तिथे कसला मोल्टके आणि कसली रेल्वे, एका गावाबाहेरचं शेत होतं ते.

आता तुमचा 'सबब' हा शब्द. हरलेला सबब सांगतो हे मान्य, पण ऑस्ट्रियाला ही बंदूक काही अचानक दिसली नव्हती. १८६४ च्या डेन्मार्कच्या युद्धात ऑस्ट्रिया प्रशियाच्याच बाजूने लढत होती, आणि तिथल्या ऑस्ट्रियन कोअरचा प्रमुख कोण, तर हाच गाब्लेन्झ, ट्राउटेनाऊवाला! म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर होतं सगळं. त्याच्या आधी त्यांनी निडल गनच्या चाचण्याही घेतल्या होत्या आणि नको म्हणून सोडून दिली होती, कारण भीती अशी, की शिपाई घाबरून भराभर काडतुसं संपवेल आणि ऐन वेळी रिकामा बसेल. त्यात १८५९ ला इटलीत फ्रेंचांनी धावत येऊन संगिनीने त्यांना हरवलेलं, लोरेन्झची गोळी उंच कमानीने जायची त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला की डोक्यावरून जायची, आणि धावत येणारा माणूस तर अंतर सतत बदलत असतो. त्यावरून ऑस्ट्रियाने धडा घेतला की गोळीबाराच्या भानगडीत पडू नका, दाट रांगा करा आणि अंगावर जा. १८६४ मध्ये ओव्हरझेला तशी धडक मारून ते जिंकलेही, नुकसान भरपूर झालं पण वाहवा झाली, आणि धडा आणखी पक्का झाला.

मला या सगळ्या इतिहासात हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि लेखही मी त्याचसाठी लिहिला होता. बंदूक दोघांनाही माहीत होती, पैशाचा प्रश्न दोघांनाही होता. एका सैन्याने असं ठरवलं की साध्या शिपायाला जलद हत्यार दिलं तर तो वाया घालवेल, दुसऱ्याने ठरवलं की त्याला शिकवलं तर तो घालवणार नाही. प्रशियाने १८४० च्या डिसेंबरात ६०,००० नगांची ऑर्डर दिली, गुपित राहावं म्हणून नाव ठेवलं 'हलकी पर्कशन बंदूक', मॉडेल १८४१, आणि मग सगळ्या पायदळाच्या हातात ती जायला वीस वर्षांच्या वर लागली. झ्योमरडाचा ड्रायझेचा कारखाना पुरेना म्हणून सरकारी कारखान्यांतही काम काढलं. त्या सगळ्या वर्षांत नेमबाजीचा सराव, अंतर ओळखायचा सराव, हुकूम येईपर्यंत गोळी न झाडण्याचा सराव, छोट्या तुकड्यांत लढायचा सराव. लुंडबीला ते लोक दोनशे मीटरपर्यंत थांबले ना, ते या सरावामुळे थांबले. म्हणून मी म्हणतो की 'बंदूक की शिस्त' असा प्रश्नच चुकीचा आहे, ही बंदूक शिस्तीशिवाय नुसती दारू खाणारी वस्तू होती आणि ती शिस्त ठासणीच्या बंदुकीबरोबर काही कामाची नव्हती.

कोनिगग्रेट्झबद्दलही थोडं सांगतो, कारण तिथे तुमचा मोल्टके आणि माझी बंदूक एकाच जागी भेटतात. दोन्ही बाजूंना दोन लाखांच्या वर सैन्य, ऑस्ट्रियाचा सेनापती बेनेडेक याच्या तोफा प्रशियाच्या तोफांपेक्षा सरस, त्यांनी सकाळभर प्रशियनांना झोडपलं. मोल्टकेची सगळी योजना प्रशियाच्या युवराजाचं सैन्य उत्तरेकडून वेळेवर येण्यावर टांगलेली. तोपर्यंत डाव्या बाजूला फ्रान्सेकीची एकच डिव्हिजन स्वीपवाल्ड नावाच्या जंगलात घुसली आणि तासन्‌तास तिथे टिकून राहिली, तिच्यावर ऑस्ट्रियाच्या दोन कोअरमधल्या बटालियनमागून बटालियन येत राहिल्या आणि झाडीत मोडत राहिल्या. जंगलात तोफ आंधळी, लोरेन्झचा लांबचा पल्ला बिनकामाचा, पन्नास-शंभर पावलांवर जो आधी पुन्हा भरेल तो जगेल. आणि या जंगलापायी ते दोन कोअर आपली नेमून दिलेली, उत्तरेकडे तोंड असलेली जागा सोडून आत ओढले गेले, युवराज आला तो नेमका त्याच मोकळ्या जागेतून. दिवस संपला तेव्हा ऑस्ट्रिया आणि तिच्या सॅक्सन मित्रांची कैदी धरून सुमारे ४४,००० माणसं गेली होती, प्रशियाची सुमारे ९,०००. मोल्टकेची योजना फ्रान्सेकीच्या शिपायांनी जिवंत ठेवली, आणि ठासणीच्या बंदुका घेऊन एवढ्या थोड्या माणसांनी ते जंगल धरलं असतं असं मला तरी वाटत नाही.

तिसरा मुद्दा दोषांचा. गॅस गळायचा, खरंय, ब्रीच नुसती धातूवर धातू बसून बंद व्हायची आणि वापराने झिजली की मागून भपकारा यायचा, काही शिपाई गाल लांब धरायचे, काही तर कमरेवरूनच झाडायचे. सुई जळत्या दारूच्या मधोमध असायची म्हणून गंजायची, मोडायची, पण शिपायाजवळ जादा सुया असायच्या आणि ती जागेवर बदलता यायची. पल्ला जेमतेम ६०० मीटर, खरा उपयोग त्याच्याही बराच आत. हे सगळं मान्य करूनही २७ जूनचे आकडे तसेच उभे राहतात, कारण त्या वेळी समोर ठासणीची बंदूक होती.

१८७० ला समोर शासपो आली आणि चित्र उलटलं. ११ मिलिमीटर, हलकी गोळी, बोल्टच्या तोंडाशी रबराची चकती त्यामुळे गॅस अडलेला, साईट १२०० मीटरपर्यंत. १८ ऑगस्टला सेंट प्रिव्हाच्या उघड्या चढावर प्रशियाच्या गार्ड्सनी दाट रांगांत हल्ला केला आणि एका संध्याकाळी त्यांची सुमारे ८,००० माणसं पडली, निडल गनच्या टप्प्यात पोचायच्या आधीच कित्येक. तुम्ही म्हणता यावरून बंदुकीने काही ठरत नाही हे सिद्ध होतं. मला तर यातून अगदी उलटं दिसतं, चार वर्षांपूर्वी ऑस्ट्रियनांचं जे झालं तेच इथे प्रशियनांचं झालं, आणि त्यांना यातून बाहेर काढलं ते क्रुपच्या मागून भरायच्या पोलादी तोफांनी, ज्यांच्यासमोर फ्रेंचांच्या तोंडातून भरायच्या काशाच्या तोफा तोकड्या पडल्या. म्हणजे १८६६ ला बंदूक चांगली आणि तोफ मागे, १८७० ला तोफ चांगली आणि बंदूक मागे. तोफांशिवाय नुसत्या निडल गनवर फ्रान्स हरला असता का, याचं उत्तर सेंट प्रिव्हाच्या चढावर मिळतं. रबर बसवून निडल गन सुधारायचं काम प्रशियाने युद्धाच्या आधीच हाती घेतलं होतं, पण युद्ध आधी आलं आणि बहुतेक शिपाई जुनीच बंदूक घेऊन गेले.

पॉलीचं श्रेय मी लेखात दिलंय, पुन्हा देतो. झां सामुएल पॉली, मूळचा स्विस, पॅरिसमध्ये दुकान, १८१२ चं पेटंट, आणि ड्रायझे तरुणपणी त्याच्याकडे कामाला होता. दारू, गोळी, मसाला एकाच काडतुसात हा विचार पॉलीचा, पण त्याच्या बंदुकीत सरकता बोल्ट नव्हता, मागचा भाग बिजागरीवर उघडायचा. ड्रायझेची स्वतःची पहिली सुईची बंदूकसुद्धा १८२७ च्या सुमाराची, आणि ती तोंडातूनच भरायची! बोल्ट आला १८३६ ला. उस्तादाकडून एक गोष्ट शिकून पुढची वीस-पंचवीस वर्षं तिच्यावर घासणाऱ्या माणसाला उचलेगिरी करणारा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

कौतुकाबद्दल. ही बंदूक पहिल्यांदा माणसांवर चालली ती १८४९ ला, ड्रेस्डेन आणि बाडेनमध्ये, राज्यघटना मागणाऱ्या जर्मन लोकांवरच. हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं आणि लिहिताना मला त्रास झाला होता. नाखोद, ट्राउटेनाऊचे आकडे मी दिले ते सगळे कोणाच्या तरी घरचे लोक होते, त्यात चेक होते, हंगेरियन होते, ज्यांना या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. ते का मेले हे नीट कळायला हवं असेल तर उभं राहून गज ठासणं आणि झोपून बोल्ट ओढणं यातला फरक कळायलाच हवा. आणि मराठी वाचकाला याचं काय, असं तुम्ही जाता जाता विचारलंय तर एवढंच सांगतो, १८५७ ला आपल्याकडे एनफिल्डची काडतुसं दातांनी फोडायचा हुकूम आला आणि त्यावरून काय भडका उडाला ते आपण शाळेपासून वाचतो, तेव्हा प्रशियाचा शिपाई अख्खी पुडी न फोडता ब्रीचमध्ये ठेवत होता, त्याच्याकडे ते तंत्र येऊन बरीच वर्षं झाली होती. १८६४ आणि १८६६ बघून इंग्रजांनीही त्याच एनफिल्ड मागून भरायच्या करून घेतल्या, स्नायडर म्हणतात ती, आणि खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे या बदलाच्या काळातलाच.

शासपो विरुद्ध माउझर ही तुमची शेवटची शंका राहिली. १८७१ च्या माउझरने पितळी काडतूस घेतलं, ते झाडताना फुगून नळीला चिकटतं आणि गॅस मागे येऊच देत नाही, त्यामुळे लांब सुई, कागदी वाटी, रबर सगळं एकदम निकामी झालं, बोल्ट तेवढा राहिला. फ्रेंचांनी १८७४ ला शासपोलाच पितळी काडतुसाची केली, तीच ग्रा. माउझर भावांपैकी पॉलने ओबेर्नडोर्फमध्ये त्या बोल्टवर पुढे काय काय केलं तो विषय मोठा आहे, त्यावर वेगळा लेख लिहायला घेतलाय. तो आला की तुम्ही वाचून असंच सविस्तर लिहा, विशेषतः ली-एनफिल्डचा बोल्ट हाताला कसा लागायचा ते, कारण मी ती कधी चालवलेली नाही आणि तुम्ही चालवलीय.